पोर आठवीत गेलं, आणि अजून क्लास नाही?

कुणाला बोलला नाहीत ना? मग बरं. जुळे सोलापुरात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही.

आता एक करा. संध्याकाळी गाडी काढा, सात रस्ता चौकापर्यंत जाऊन या आणि फ्लेक्स बघा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसातून उरलेल्या जागेत गुणवंतांचे फोटो असतात. एकच चष्मेवाली मुलगी दोन क्लासच्या फ्लेक्सवर हसताना दिसली तर गोंधळू नका. एकीकडं शिकली असेल, दुसरीकडं नुसती टेस्ट सिरीज दिली असेल. ज्याचा फ्लेक्स मोठा तो क्लास धरा. शिकवणार कोण, हे विचारणं बरं दिसत नाही. डेमोला येणारे सर डेमोपुरतेच असतात.

फी ऐकून दचकू नका, हप्ते पाडून देतात. वर १८ टक्के जीएसटी. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, त्यावरूनच कळतं कुठल्या शिक्षणाला किंमत आहे ते.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नका, रँकची हमी देऊ नका. मनाला लावून घ्यायचं नाही. आठवीतल्याला कोचिंग कोण देतंय? ते ‘फाउंडेशन’ असतं. शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. म्हणून तर पाटीवर सरांचं नाही, वहिनींचं नाव असतं.

दहावी झाली की इंटिग्रेटेड. नाव कॉलेजात, पोरगं क्लासात. प्रॅक्टिकलच्या दिवशी मात्र सोबत जा, त्याला कॉलेजचा रस्ता सापडायचा नाही.

गड्ड्याच्या जत्रेचं काय? सिद्धरामेश्वरांनी जत्रा नेमकी जानेवारीत ठेवली, सराव परीक्षांच्या तोंडावर. अक्षता सोहळा मोबाइलवर दाखवा. पाळण्यात बसायचं ते डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा झाल्यावर. आधी ७२० पैकी किती पडतात ते बघू.

आणि हप्ता भरायला गेलात की रांगेत कुणी विडी कामगार बाई उभी दिसेल. पदराच्या गाठीतल्या नोटा ती दोनदा मोजते. एका हप्त्याला किती हजार विड्या वळाव्या लागतात, हे तिला विचारू नका. पावती घ्या आणि निघा.

धाकटा तिसरीत आहे म्हणता? त्याचंही नाव आत्ताच सांगून ठेवा. भावंडांना सूट असते.