धाकटा अर्नहार्ट आयत्या बिळावरचा नागोबा नव्हता

अमेरिकेतल्या नॅसकार मोटारशर्यतींचा विषय निघाला की चालक डेल अर्नहार्ट ज्युनियरवर ठरलेला आरोप येतोच: आयत्या बिळावर नागोबा. बापाच्या पुण्याईवर गाडी मिळाली, डेटोना आणि टॅलाडेगा हे दोन ट्रॅक सोडून कुठे जिंकला नाही, त्यातलाही एक विजय ठरवून दिलेला, आणि डोक्याला मार बसला तसा मागे सरला. हे वाचलं की मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून मुद्द्याला मुद्दा.

बापाच्या नावाचं आधी. ते होतंच, नाकारायचं कशाला? आजोबा राल्फ 1956 चे नॅसकारच्या स्पोर्ट्समन गटाचे विजेते. वडील डेल सीनियर सात वेळा कप मालिकेचे, म्हणजे नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेचे विजेते, 76 शर्यती जिंकलेले. ज्युनियरला कप मालिकेतली गाडी वडिलांच्याच संघाने दिली. पण त्या घरात मुलगा एकच नव्हता. थोरला सावत्र भाऊ केरी, बाप तोच, आडनाव तेच. दोघांनी 1979 ची जुनी शेव्हरले माँटे कार्लो भागीदारीत घेऊन नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉन्कॉर्डच्या छोट्या ट्रॅकवर सुरुवात केली. शर्यत नसेल तेव्हा ज्युनियर वडिलांच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांच्या गाड्यांचं ऑइल बदलायचा. पुढे त्याने कपच्या खालची बुश मालिका 1998 आणि 1999 अशी लागोपाठ जिंकली. केरीला कपमध्ये एकही विजय मिळाला नाही. नुसतं आडनाव पुरलं असतं, तर दोघांनाही पुरलं असतं.

‘फक्त डेटोना-टॅलाडेगा’ हा मुद्दा तर साध्या बेरजेत कोसळतो. कप मालिकेत एकूण विजय 26. टॅलाडेगाचे 6, डेटोनाचे 4. उरले 16, आणि ते टेक्सास, रिचमंड, डोव्हर, फिनिक्स, पोकोनो, मार्टिन्सविल, ब्रिस्टॉल अशा एकमेकांशी काही साम्य नसलेल्या ट्रॅकवरचे.

त्यातल्या ब्रिस्टॉलवर मी जरा थांबणार आहे. 18 जुलै 2004 ला कॅलिफोर्नियात सोनोमाला सरावात त्याची कॉर्व्हेट भिंतीवर आदळून पेटली. मान आणि पाय भाजले. पुढच्याच रविवारी न्यू हॅम्पशायरला तो पट्ट्या बांधून गाडीत बसला, कारण नियमाप्रमाणे गुण शर्यत सुरू करणाऱ्याच्या खात्यात जातात. काही फेऱ्या मारल्या आणि गाडी दुसऱ्याच्या हाती दिली. भाजलेल्या कातडीवर आवळलेले पट्टे आणि गाडीतली ती भट्टीसारखी उष्णता नुसती डोळ्यांपुढे आणा. ऑगस्टअखेर ब्रिस्टॉलला, जेमतेम अर्ध्या मैलाच्या आणि दोन्ही टोकांना तीव्र उतार असलेल्या ट्रॅकवर, त्याने शुक्रवारची बुश आणि शनिवारची 500 फेऱ्यांची कप अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. हे कुठल्या आयत्या बिळात बसतं?

आता ठरवून दिलेल्या विजयाचं. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत अपघात होऊन सीनियर गेले. 7 जुलैला त्याच ट्रॅकवर ज्युनियर जिंकला, आणि लोकांनी लगेच ठरवलं की हे पटकथेसारखं आहे म्हणजे पटकथाच असणार. शंकेचं मूळ आहे डेटोना-टॅलाडेगाला तेव्हा वापरायची रिस्ट्रिक्टर प्लेट. कार्ब्युरेटरखाली बसणारी, चार भोकांची धातूची तबकडी. भोकं लहान, तेवढी इंजिनला हवा कमी आणि वेग कमी. या तबकड्या नॅसकारचे अधिकारीच वाटायचे, म्हणून ‘त्याला मोठ्या भोकांची दिली’ अशी अफवा उठली. पण फेब्रुवारीत पहिला आणि दुसरा कोण आला होता? मायकेल वॉल्ट्रिप आणि ज्युनियर, म्हणजे सीनियरच्याच संघाच्या गाड्या. जुलैत क्रम तेवढा उलटा झाला. त्या रात्री ज्युनियर 160 पैकी 116 फेऱ्या पुढे होता. ऑक्टोबरात टॅलाडेगाही त्यानेच मारलं, आणि तिथे तो 2003 पर्यंत सलग चार वेळा जिंकला. त्या काळात अशा ट्रॅकवर हा संघच सगळ्यांत भारी होता. बाप गेलेल्या जागी पोराने केलेल्या कामावर पुराव्याशिवाय असा डाग लावणं मला क्रूर वाटतं.

कप मालिकेचं विजेतेपद त्याला मिळालं नाही, हे खरं. 2008 ते 2012 मध्ये सलग 143 शर्यती विजयाविना गेल्या, हेही खरं. सलग 15 वर्षं चाहत्यांनी त्याला सर्वांत लोकप्रिय चालक निवडलं, त्यात वडिलांवरची माया नक्कीच होती. यावर माझं भांडण नाही.

डोक्याच्या दुखापतीवरून त्याला कच्चा म्हणणाऱ्यांशी मात्र आहे. ऑगस्ट 2012 मध्ये कॅन्ससला टायर चाचणीत त्याला जोराचा मार बसला आणि तो गप्प राहून शर्यती चालवत राहिला. ऑक्टोबरात टॅलाडेगाला पुन्हा आदळला. तेव्हा तो विजेतेपदाच्या अंतिम टप्प्यातल्या बारा जणांत होता. तोंड मिटून बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. तो आपण होऊन डॉक्टरांकडे गेला आणि दोन शर्यतींना मुकला. 2016 मध्ये तोच त्रास उलटला आणि अर्धा मोसम घरी गेला. तरी 2017 चा अख्खा मोसम चालवूनच त्याने कप मालिकेतून निवृत्ती घेतली. आणि 2016 च्या मार्चमध्येच, तो त्रास पुन्हा सुरू होण्याआधी, त्याने जाहीर केलं होतं की मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा.