विद्वानांनो, कुसुंब्याला उतरा आणि हलू नका

परिषदेचं निमंत्रण आलं, अभिनंदन. महिना फेब्रुवारी-मार्चचा असणार, कारण अनुदान ३१ मार्चच्या आत संपवायचं असतं आणि आमच्याकडे ज्ञानाचा हंगाम तेवढाच. पत्राच्या तळाशी 'जवळचा विमानतळ : जळगाव, शहरापासून सुमारे ६ कि.मी.' अशी ओळ असेल. ती वाचून तुम्ही खूश व्हाल. व्हा. मी गेली बारा वर्षं आमच्या महाविद्यालयाच्या स्वागत व वाहतूक समितीत आहे, ती ओळ मीच लिहितो, आणि तिच्यात खोटं काही नाही. कुसुंब्याच्या विमानतळापासून शहर, सहाच किलोमीटर आहेत.

तिकीट मात्र नीट बघून काढा. मुंबई-पुण्याच्या लोकांना जळगाव आणि जालना एकच वाटतं. शिवाय बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे. मागे एका मॅडमनी फोनला नुसतं 'जळगाव' सांगितलं आणि फोन त्यांना तिकडे घेऊन निघाला. त्यांचा निबंध आम्ही 'वाचला असे गृहीत धरून' प्रमाणपत्र पाठवलं. पदोन्नतीला गुण लागतात हो, माणूस पोचला काय नि न पोचला काय.

आमच्या विमानतळाला नवखा समजू नका. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २०१० साली पायाभरणी झाली, २०१२ साली त्यांच्याच हस्ते उद्घाटन झालं. त्यानंतर पाच वर्षं विमानतळ होता आणि नियमित प्रवासी विमान नव्हतं. त्या पाच वर्षांत आमच्या समितीविरुद्ध विमानाने येणाऱ्या एकाही पाहुण्याची तक्रार नाही, हे मी अहवालात अभिमानाने नमूद केलेलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून मुंबईचं विमान आलं. अठरा-एकोणीस माणसांचं! आमच्या काळीपिवळीत लग्नसराईत याच्या जवळपास बसतात. ते थांबलं. २०१९ ला दुसऱ्या कंपनीचं आलं, तेही थांबलं. २०२४ ला पुन्हा विमानं दिसू लागली. तेव्हा शहाण्या संयोजकाने आधी विमानाचा वार बघावा, मग परिषदेचा विषय ठरवावा. आम्ही एकादशीसारखं कॅलेंडरवर लाल पेनाने मांडून ठेवतो.

तर तुम्ही उतरलात. इमारत आटोपशीर आहे, हरवायला जागाच नाही. बॅग घेऊन बाहेर यायला फार वेळ लागत नाही. आता प्रवास सुरू.

पहिली गोष्ट, टॅक्सी शोधू नका. पाहुण्याने स्वतःच्या पैशाने गावात यायचं म्हणजे आमच्या तोंडाला काळं फासणं झालं. रिक्षावाला दिसलाच तर मान दुसरीकडे वळवा. तुम्हाला घ्यायला गाडी येते आहे. मला फोन करा, मी सांगेन, "येऊच राह्यलो सर, अजिंठा चौफुलीवर आहे." विमानतळ अजिंठा रस्त्यावर कुसुंब्याला, त्यामुळे हे उत्तर भूगोलाच्या पेपरातही बरोबर ठरावं. पण अजिंठा चौफुली ही आमच्याकडे जागा नाही, वेळ आहे. मी आंघोळीत असलो तरी अजिंठा चौफुलीवरच असतो. दुसऱ्या फोनला चौफुली थोडी जवळ येते. तिसरा फोन मी उचलत नाही, कारण गाडी चालवताना फोन घेणं कायद्याने गुन्हा आहे.

गाडी कोणाची, हे विचारू नये. संस्थेच्या एका संचालकांच्या साडूची असते. तिला सकाळपासून उद्घाटक, उद्घाटकांचे स्वीय सहायक आणि साउंड सिस्टिमचे दोन डबे आणायचे असतात. ती येईल तेव्हा आत दोन विद्यार्थी स्वयंसेवक, एक न गुंडाळलेला फ्लेक्स आणि संध्याकाळच्या जेवणासाठी भरताच्या वांग्यांचं पोतं असेल. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. तुम्हाला नाही. तेव्हा पोतं सीटवर राहील आणि तुम्ही जरा सरकून घ्याल.

हातात पाटी असलेला मुलगा शोधा. पाटीवरचं नाव तुमच्या नावाच्या जवळपास असलं तर तुम्हीच ते. पुष्पगुच्छ घ्या, कॅमेऱ्याकडे बघा, आणि फोटो झाला की गुच्छ लगेच परत करा. स्टेशनवर सेवाग्राम एक्सप्रेसने उतरणाऱ्या सरांना तोच द्यायचा आहे. एका सरांनी तो भाबडेपणाने छातीशी धरून ठेवला, पार खोलीत नेला. ते पुन्हा आमच्याकडे दिसले नाहीत, योगायोग असेल.

रस्त्याचं फार सांगत नाही. अजिंठा चौफुली (खरी), इच्छादेवी, आकाशवाणी, प्रभात, असे चौक घेत महामार्गाने पश्चिमेला जायचं. हा सुरत-नागपूर महामार्ग आधी सहा नंबर होता, आता ५३ आहे. आम्ही सहाच म्हणतो. मधे पेट्रोल भरायचं असतं, फ्लेक्सवरचं उद्घाटकांचं नाव दुरुस्त करायचं असतं, आणि एका ठिकाणी चहा. चहाला नाही म्हणू नका. नाही म्हटलं की नाश्ता निघतो.

आता जरा कानात सांगतो. विमानतळावरून बॅग ओढत मुख्य रस्त्यापर्यंत यावं, पहूर-नेरीकडून जळगावला जाणारी एसटी येते, तिला हात करावा. थांबली तर तुम्ही आमच्या गाडीच्या तासभर आधी गावात. मॅडम असाल तर अर्ध्या तिकिटात. पण असलं काही करू नका. पुण्याच्या एका सरांनी केलं, त्याची गोष्ट सांगायलाच हवी.

अर्धा तास वाट पाहून ते एसटीत बसले, नव्या बस स्टँडला उतरले, रिक्षा केली आणि बरोबर साडेनऊला आमच्या फाटकात हजर. शांतपणे पोहे खात बसले. इकडे मी गुच्छ, फोटोग्राफर आणि गाडी घेऊन कुसुंब्याला, रिकाम्या दारासमोर. प्राचार्यांचा फोन आला, "पाहुणे आलेत." मी म्हटलं, "शक्य नाही सर, आम्ही त्यांना घ्यायचे आहोत अजून."

विचार झाला. स्वागताचा फोटो नाही तर अहवाल पुरा होत नाही, आणि अहवाल पुरा नाही तर अनुदानाचा शेवटचा हप्ता अडकतो. सर सज्जन. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून त्यांना परत विमानतळावर आणलं. मागच्या पोराने बॅगही आणली, फोटोत बॅग हवी. दारातून बाहेर येतात असं एकदा चालायला लावलं, पहिल्यांदा त्यांचे डोळे मिटले म्हणून पुन्हा चालवलं. गुच्छ दिला, घेतला. मग सन्मानाने गाडीत बसवून, चहा पाजून, सव्वाबाराला महाविद्यालयात आणलं. त्यांचं बीजभाषण अकराचं होतं, ते जेवणानंतर पाच मिनिटांत आटोपलं. श्रोत्यांना ते फार आवडलं.

संध्याकाळी शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी असं जेवून सर प्रवासखर्चाचा अर्ज घेऊन ऑफिसात गेले. बोर्डिंग पास जोडला होता, एसटीचं तिकीट घडी घालून जपलेलं, आणि रिक्षावाल्याकडून वहीच्या कागदावर सहीनिशी लिहून घेतलेली पावती. असा कागदपत्रांचा नीटनेटका माणूस मी बारा वर्षांत पाहिला नाही. आमच्या हेडक्लार्क नानांनी चष्मा कपाळावर चढवला, एसटीचं तिकीट उजेडात धरलं, मग शेजारी ठेवलेला ताजा फोटो उचलला.

"हे कसं मंजूर करू सर? तुम्ही तं आमच्याच गाडीत येऊ राह्यले. हे पाहा ना, फोटोत दिसू राह्यले."