हुजूर पक्ष आणि खुला बाजार : एका आक्षेपाला उत्तर

ब्रिटनच्या हुजूर पक्षावरच्या (म्हणजे काँझर्व्हेटिव्ह पक्षावरच्या) माझ्या लेखावर तुम्ही आक्षेप घेतलात, त्याला हे उत्तर. आधी चूक कबूल करतो. 'ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा दोन्ही पक्षांच्या संमतीने उभी राहिली' हे माझं वाक्य चुकलंच. १९४६ साली ते विधेयक आलं तेव्हा हुजूर पक्षाने दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही वाचनांत विरोधी मतदान केलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

मात्र तुमचा मुख्य मुद्दा पटत नाही. तुम्ही म्हणता, हा पक्ष पहिल्यापासून खुल्या बाजाराचाच, ऐंशीच्या दशकातल्या पंतप्रधान थॅचरबाईंनी फक्त मुखवटा काढला. धनिकांचा पक्ष म्हणा, माझी ना नाही. (मराठी वर्तमानपत्रांनी 'हुजूर' हे नाव उगाच नाही दिलं, शिवाय 'मजूर' (लेबर) पक्षाशी यमक जुळतं.) पण धनिकांना खुला बाजार हवाच असतो, हे कोणी सांगितलं? १८४६ मध्ये हुजूर पक्षाचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी धान्यावरची जकात उठवली, तर त्यांच्याच पक्षातल्या जमीनदारांनी बंड करून त्यांना घरी बसवलं. बाहेरचा स्वस्त गहू त्यांना परवडणारा नव्हता. १९०४ मध्ये तरुण चर्चिल पक्ष सोडून लिबरलांकडे गेले तेही खुल्या व्यापारासाठीच, कारण जोसेफ चेंबरलेन हे वजनदार नेते पक्षाला पुन्हा जकातीकडे ओढत होते. बापाचं ते स्वप्न मुलाने, म्हणजे अर्थमंत्री नेव्हिल यांनी, १९३२ मध्ये पुरं केलं : बहुतेक आयातीवर १० टक्के जकात.

घरांचंच बघा. १९५१ च्या निवडणुकीत पक्षाने वर्षाला ३ लाख घरांचा शब्द दिला आणि गृहनिर्माणमंत्री मॅकमिलन यांनी १९५३ मध्ये तो पाळलाही. त्यातली कितीतरी नगरपालिकांची, भाड्याने द्यायची घरं होती. १९८० मध्ये थॅचर सरकारने तीच घरं भाडेकरूंना ३३ ते ५० टक्के सवलतीत विकायला काढली. पक्ष तोच, घरही तेच. खासगीकरणाचा सपाटा पाहून १९८५ मध्ये म्हाताऱ्या मॅकमिलननी घरातली चांदी विकण्याची उपमा दिली, ती मुखवटा निघाल्याचं दुःख म्हणून? मला तरी तसं वाटत नाही.

थॅचरबाईही पहिल्यापासून 'थॅचर' नव्हत्या. १९७५ च्या सार्वमतात त्या युरोपीय देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून युरोपच्या सामायिक बाजारपेठेत राहण्याचा प्रचार करत होत्या. युरोपच्या केंद्रीकरणावर तोफ डागणारं त्यांचं ब्रुजचं भाषण त्यानंतर १३ वर्षांनी.

आता 'हुजूर पक्षाला कामगारांची मतं म्हणजे २०१९ च्या निवडणुकीतला अपघात' या तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल. १८९५ मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन या कष्टकरी वस्तीतून हुजूर पक्षाचा खासदार निवडून आला तो आपल्या मुंबईचा पारशी, मंचरजी भावनगरी. पाडलं कोणाला? जॉर्ज हॉवेल या कामगार चळवळीतल्या जुन्या पुढाऱ्याला. त्याच पक्षाचे पंतप्रधान सॅलिसबरी यांनी १८८८ मध्ये दादाभाई नौरोजींना भर सभेत 'काळा माणूस' म्हणून हिणवलं होतं. भावनगरी १९०० मध्ये पुन्हा जिंकले आणि १९०६ मध्ये पडले. त्या निवडणुकीत लिबरलांच्या पोस्टरांवर दोन पाव असत, एक मोठा, एक छोटा. मोठा खुल्या व्यापाराचा. छोटा हुजूर पक्षाच्या जकातीचा.