पालासिओसचे कायदे ‘किरकोळ’? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की अर्जेंटिनाचा समाजवादी नेता आल्फ्रेदो पालासिओस हा राजधानी ब्यूनोस आयरेसचा उच्चभ्रू वकील, त्याने भाषणं ठोकली, चार किरकोळ कायदे केले, कामगारांसाठी खरं काम पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या पेरॉननेच केलं आणि हा शेवटी लष्करशहांचा राजदूत झाला, मग एवढं कौतुक कशाला.

आधी ‘किरकोळ’चं बघू. 1904 साली ला बोका या बंदराच्या वस्तीतून तो निवडून आला, जिनोव्हाकडून आलेल्या इटालियन कष्टकऱ्यांची ती वस्ती, आणि अख्ख्या अमेरिका खंडातला तो पहिला समाजवादी खासदार. तेही जमलं कारण 1902 च्या सुधारणेने छोटे, एकेका खासदाराचे मतदारसंघ पाडले होते, ती पद्धत त्या निवडणुकीत वापरली आणि लगेच गुंडाळली, गुप्त मतदानाचा कायदा यायला तर 1912 उजाडलं. म्हणजे सभागृहात पक्षाचा हा एकटाच, प्रत्येक मत समोरच्या बाकावरून मिळवायचं. तरी 1905 मध्ये रविवारच्या सुट्टीचा कायदा झाला (तोही राजधानीपुरताच), आणि 1907 मध्ये बायका-मुलांच्या कामाचा. त्यात काय होतं बघा: दहा वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवायचं नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला दर दोन तासांनी पंधरा मिनिटं बाळाला पाजायला द्यायची, वर ती मिनिटं तिच्या विश्रांतीच्या वेळेत धरायची नाहीत! मालक नेमकी कुठे कात्री लावेल हे ओळखून केलेलं कलम आहे हे, गिरणीतल्या बाईला विचारा ते किरकोळ आहे का. 1913 चा बायकांच्या खरेदी-विक्रीविरुद्धचा कायदा तर आजही तिकडे ‘पालासिओस कायदा’ म्हणूनच ओळखला जातो.

उच्चभ्रू म्हणायचं तर त्याचं द्वंद्वाचं वेड घ्या, पक्षाची बंदी असताना आव्हान दिलं आणि 1915 मध्ये पक्षाबाहेर गेला, ते मला अजिबात पटत नाही. पण देशातल्या गरिबीवर लिहिलेला प्रबंध विद्यापीठाने नाकारला तो याचाच, आणि गरिबांच्या केसेस फुकट घेणारा वकीलही हाच.

पेरॉनने 1943 नंतर जे केलं ते प्रचंड मोठं होतं, वादच नाही. पण तो सत्तेत बसून करत होता आणि त्याच्या हाताशी आधीची चाळीस वर्षं होती, त्यातली पहिली पानं पालासिओसची.

राजदूतकी मात्र मलाही बोचते. 1955 मध्ये लष्कराने बंड करून पेरॉनला हटवलं, त्यानंतर पालासिओस उरुग्वेला राजदूत म्हणून गेला आणि जून 1956 मध्ये त्याच राजवटीने माणसं गोळ्या घालून मारली. त्याने तेव्हाच खुर्ची सोडायला हवी होती, यावर मी त्याची बाजू घेणार नाही. 1957 च्या घटना परिषदेत तो होता, तिथून आलेलं कलम 14 बिस (14 ला जोडलेलं जादा कलम), समान कामाला समान वेतन, संपाचा हक्क, आजही अर्जेंटिनाच्या राज्यघटनेत आहे, पण त्या परिषदेच्या निवडणुकीतही पेरॉनवाद्यांना बंदी होती. दोन्ही खरं आहे.

आणि लष्कराचाच माणूस म्हणाल तर 1961 ची निवडणूक बघा. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा उघडपणे क्यूबन क्रांतीची बाजू घेऊन राजधानीतून सिनेटवर निवडून आला.