सेन्सर गेला

भोसरीच्या एमआयडीसीत सेन्सर बिघडत नाही, तो ‘जातो’. रात्री अडीचला फोन वाजतो, “साहेब, सेन्सर गेला.” कुठं गेला, असं विचारायची सोय नाही. मेन्टेनन्समध्ये २२ वर्षं काढल्यावर एवढं कळलंय की गेलेले बहुतेक सेन्सर जागच्या जागीच असतात, काचेवर शेवेचं तेल आणि पीठ साचलेलं असतं. कॉटन वेस्टनं पुसलं की परत येतात.

आमचा कारखाना फरसाणाचा. पट्ट्यावरून चिवड्याची पाकिटं सरकतात. एका बाजूला फोटो सेन्सर, समोर रिफ्लेक्टर. सेन्सर उजेड सोडतो, रिफ्लेक्टर तो परत धाडतो. मधे पाकीट आलं की उजेड तुटतो आणि पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा छोटा कंप्युटर, एक आकडा मोजतो. २४ झाले की खोका बदलतो. सुखाचा संसार होता. मग मार्केटिंगवाल्यांना पाकीट ‘प्रीमियम’ करायची बुद्धी झाली आणि मळकट पिवळं जाऊन चकचकीत चंदेरी पाकीट आलं.

चंदेरी पाकीट म्हणजे चालता आरसा. उजेड त्याच्यावरूनच परत येई, आणि सेन्सरला वाटे, मधे कोणीच नाही. कधी पाकिटाची एखादी सुरकुतीच चमके. मग उजेड तुटे, येई, पुन्हा तुटे, आणि एका पाकिटाची दोन होत. कुठल्या खोक्यात २२, कुठल्यात २६. बावीसवाल्या दुकानदारांचे फोनवर फोन आले. सव्वीसवाल्यांपैकी एकाचाही नाही.

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. “एवढं महागाचं यंत्र, आणि त्याला पाकीट दिसत नाही? माझ्या आईला मोतीबिंदू आहे, तिला दिसतं.”

मी समजावू लागलो की सेन्सरला पाकीट कधीच दिसत नव्हतं, उजेड आला की नाही एवढंच त्याला कळतं.

“मग त्याच्यापेक्षा आपला तात्या बरा.”

तात्या आमचा जुना हेल्पर. त्याला एक शिफ्ट मोजायला बसवला. चहा येईपर्यंत हिशेब चोख होता.

मग पोलराइज्ड सेन्सर आणला. रिफ्लेक्टर म्हणजे नुसता आरसा नव्हे. त्यात तीन-तीन आरशांचे बारीक कोपरे असतात आणि उजेड जिथून आला तिथंच ते परत पाठवतात, आमच्या स्टोअरवाल्याकडे गेलेल्या तक्रारीसारखा. १९६९ साली अपोलो ११ च्या मंडळींनी याच जातीचा रिफ्लेक्टर चंद्रावर ठेवला. तिथून लेसर बिनचूक परत येतो, आमचं सव्वा फुटावरचं जमेना. तर हे कोपरे उजेडाच्या कंपनाची दिशा फिरवतात, साधी चकाकी फिरवत नाही. सेन्सरच्या तोंडाशी गाळणी असते, ती फिरलेलाच उजेड आत घेते. कागदावर अगदी देखणं.

पहिल्याच शिफ्टला खोक्यात २५. चंदेरी थरावर ताणून बनवलेली पारदर्शक फिल्म होती, आणि तीही उजेडाची दिशा फिरवत होती. चोरानंच पोलिसाचा गणवेश शिवून घेतलेला.

तात्या सेन्सरच्या लुकलुकत्या दिव्याकडे बघत होता. “डोळा मारतोय बघा, साहेब. तुमच्याकडेच बघून.”

शेवटी थ्रू-बीम. एकीकडे उजेड सोडणारा, दुसरीकडे झेलणारा. मधे चंदेरी येवो की सोनेरी, आडवा आला म्हणजे आला. स्टोअरमधून जोडी निघाली एनपीएन जातीची, आणि पीएलसीचं सिग्नल घेणारं कार्ड पीएनपीवालं. तपकिरी तारेला २४ व्होल्ट, निळीला शून्य, काळीवर सिग्नल, सगळं बरोबर आणि पॅनलवर ढिम्म. सेन्सर काळ्या तारेवर शून्य देणार, कार्ड प्लसच मागणार. दोघंही कायद्यानं बरोबर, भाऊबंदकीच्या दाव्यासारखं. मधे एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टाकून तडजोड केली.

आठ दिवस २४ ला २४. शेठ माझ्याकडे बघून हसलेसुद्धा.

नवव्या रात्री फोन. “साहेब, सेन्सर गेला.”

पोचलो तर पॅनलवर ‘जॅम’ची सूचना, लाइन उभी, पट्ट्यावर मात्र काहीच अडकलेलं नाही. तारा तपासल्या, रिलेला टिचकी मारून पाहिली. मनात शंकेची पाल चुकचुकली. रिसीव्हरवर टॉर्च मारली, तर खरीखुरी पाल, काचेला पोट टेकून निवांत. तात्यानं झाडूची काडी दाखवली, ती भिंतीवर सटकली आणि पट्टा सुरू झाला.

राहिलं ब्रेकडाऊन रजिस्टर. कारणाचा रकाना. कारखाना खाण्याच्या वस्तूंचा आणि सोमवारी ऑडिट. पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो. मग लिहिलं, ‘अलाइनमेंट हललं होतं, ठीक केलं.’

तोवर तात्यानं त्या वेळचा खोका उघडून मोजला होता.

“साहेब, यात तेवीसच आहेत.” त्यानं भिंतीकडे पाहिलं. “चोविसावी ती.”