रॉड्रिग्जला आधी बॅटरी द्या, नव्या पवनचक्क्या मागाहून

"एवढा वारा फुकट वाहतोय, मग तेल कशाला जाळतात?" मॉरिशसच्या रॉड्रिग्ज बेटाबद्दल हा प्रश्न हमखास येतो. आपल्या डोळ्यांसमोर असतं पवनचक्क्यांनी भरलेलं चाळकेवाडी-वनकुसवड्याचं पठार. तिथला वारा पडला म्हणून साताऱ्यात दिवे जात नाहीत, कारण मागे अख्ख्या देशाचं ग्रिड उभं आहे. रॉड्रिग्ज मॉरिशसच्या मुख्य बेटापासून सुमारे ५६० किलोमीटरवर आहे आणि मधे वीजवाहिनी नाही. जे काही सांभाळायचं ते तिथल्या तिथे.

बेटावर ग्रेनेडला २७५ किलोवॉटच्या चार आणि ट्रेफ्लला ६० किलोवॉटच्या तीन पवनचक्क्या बसवल्या गेल्या. कागदावर एकूण १,२८० किलोवॉट. बाकी भार तेलावरच्या जनरेटर संचांवर. "अजून दहा उभ्या करा" म्हणणाऱ्यांनी पुढचा हिशेब एकदा करून बघावा.

समजा रात्रीची मागणी ३,००० किलोवॉट आहे आणि १,८०० किलोवॉटचे दोन संच चालू आहेत. वाऱ्याकडून १,१०० आले, तर प्रत्येक संचावर ९५० उरतात, म्हणजे ५३ टक्के. ठीक चाललंय. आता पवनचक्क्या दुप्पट करा. वाऱ्याचे २,२०० आले की दोन्ही संच ४००-४०० वर, म्हणजे २२ टक्क्यांवर येतात. डिझेल इंजिन इतक्या कमी भारावर तासन् तास चालवलं की ज्वलन थंड पडतं, न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं, सिलिंडरचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत होऊन इंजिन वंगणाचं तेल प्यायला लागतं. म्हणून ऑपरेटर ३०-४० टक्क्यांखाली जाऊ देत नाही. तो पवनचक्कीच आवरती घेतो, आणि आपण म्हणतो वारा वाया गेला.

मग एक संच बंद करावा? करा. उरलेला ८०० वर, ४४ टक्क्यांवर मजेत चालेल. पण वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते. वेग सेकंदाला ८ मीटरवरून ६ वर आला तरी वीज ४२ टक्क्यांवर येते. आणि एखादा फॉल्ट होऊन सगळ्या पवनचक्क्या एकदम ट्रिप झाल्या, तर एकटा संच जास्तीत जास्त १,८०० देणार. १,२०० कमी पडले. विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून काही सेकंदांत घसरते, रिले (संरक्षक स्विच) आपोआप एकेका भागाच्या वाहिन्या म्हणजे फीडर तोडायला लागतात आणि निम्मं बेट अंधारात.

हे १,२०० किलोवॉट बॅटरीने किती वेळ भरून काढायचे? दुसरा संच सुरू करून, गरम करून, ग्रिडशी जुळवून भार देईपर्यंत. १० मिनिटं धरा. म्हणजे २०० किलोवॉट-तास! राखीव साठा आणि बॅटरीची झीज धरून ४०० घ्या. रात्रभर बेट चालवणारी अवाढव्य बॅटरी लागतच नाही. इन्व्हर्टर दणकट हवा आणि त्याचा प्रतिसाद सेकंदाच्या आत हवा. मुख्य बेटावर सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाने, म्हणजे मॉरिशसच्या वीज मंडळाने, एकूण १८ मेगावॉटच्या बॅटऱ्या फ्रिक्वेन्सी सांभाळायलाच बसवल्या आहेत. खरी गरज तर छोट्या बेटाला जास्त, असं माझं स्पष्ट मत.

जास्तीचा वारा समुद्राचं पाणी गोडं करायला वापरा, हा सल्लाही चांगला आहे. रॉड्रिग्जला पाण्याची टंचाई आहेच. फक्त तो प्रकल्प दिवसातून वीसदा चालू-बंद केलात तर मेम्ब्रेनची, म्हणजे मीठ गाळणाऱ्या पडद्याची, वाट लागेल.

आता पवनचक्की कुठली, हा प्रश्न. इथे मी मोठ्या, तीन पात्यांच्या, गाडलेल्या मनोऱ्याच्या यंत्राच्या विरोधात आहे. २००३ च्या मार्चमध्ये कालुंडे चक्रीवादळ याच बेटाला झोडपून गेलं. ग्रेनेडची व्हेर्न्ये कंपनीची यंत्रं दोन पात्यांची आहेत, खांब बुडाशी बिजागरीवर आणि चहूबाजूंनी ताणतारांनी धरलेला. वादळ येतंय म्हटलं की यंत्र थांबवायचं, ब्रेक लावून पाती लॉक करायची, विंचने खांब हळूहळू निजवायचा, वरचं यंत्र आणि पाती जमिनीला बांधून टाकायची. तासाभराच्या आत होतं, असं कंपनी म्हणते. पण चार यंत्रं आणि एकच टोळी असेल तर चौपट वेळ धरा. शिवाय वारा वाढल्यावर खांब निजवता येत नाही. मॉरिशसमध्ये वादळाचे इशारे चढत्या श्रेणींत देतात; इशारा चौथ्या श्रेणीला पोचतो तेव्हा झोत ताशी १२० किलोमीटरचे झालेले असतात. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या-दुसऱ्या श्रेणीतच काम उरकायला हवं. इथेच घोळ होतो. "वादळ वळेल" म्हणून साहेब लोक थांबतात, कारण यंत्र झोपवलं की वीज बंद.

दुसरा शत्रू खारा वारा. ताणतारांचे पेच आणि त्यांना जमिनीत धरणाऱ्या नांगरांचे बोल्ट आतून गंजतात, वरून ग्रीस दिसत राहतं. प्रत्येक वेळी खांब उभा केल्यावर तारांचा ताण मोजायलाच हवा. एक तार ढिली राहिली तर तिचा भार शेजारची उचलते. नोव्हेंबरमध्ये वादळांचा मोसम लागायच्या आत प्रत्येक यंत्र एकदा निजवून परत उभं करावं. विंच अडकतेय की नाही, ते तेव्हाच कळलेलं बरं.