पेशंटला कर्मविपाक ऐकवू नका

कॅन्सरच्या पेशंटला भेटायला जाणाऱ्यांना हात जोडून विनंती. ‘गेल्या जन्मीचं काहीतरी असणार’ हे वाक्य घरीच ठेवून जा. ‘पॉझिटिव्ह राहा, सगळं ठीक होतं’ हेसुद्धा. पहिल्यात आजार झाला तो त्याच्या पापामुळे, दुसऱ्यात बरा झाला नाही तर तोही त्याच्याच मनाचा दोष. माणूस आधीच गाठीने बेजार, त्यात हे.

अध्यात्माशी माझं वाकडं नाही. माझी मावशी माळकरी. तिला लाईट द्यायचे (रेडिएशनला आमच्याकडे लाईटच म्हणतात) तेव्हा सगळे बाहेर, खोलीत ती एकटी. ती हरिपाठ पुटपुटायची. ‘तिसऱ्या अभंगाला दार उघडतं बघ’, म्हणायची. विठ्ठलाकडे तिने काय मागितलं ते मी विचारलं नाही, पण त्या बंद खोलीची भीती हरिपाठाने आटोक्यात ठेवली होती, एवढं नक्की. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या, इन्फेक्शनच्या भीतीने डॉक्टरांनी गर्दी बंद केली, तर घरातलं भजन तिनेच थांबवलं. ‘विठ्ठल येऊदे, बाकीचे नकोत!’

आजारात असा आधार लागतो, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी 1967 साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरे न होणाऱ्या पेशंटची अखेरपर्यंत काळजी घेणारं ठिकाण) सुरू केलं. कॅन्सरच्या वेदनेत शरीर, मन, नातीगोती आणि आध्यात्मिक तळमळ असं सगळं मिसळलेलं असतं, हे त्यांचं म्हणणं पुढे जगभर मानलं गेलं. आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून असं काम करतंय.

पण अंगारा, काढा, बाबांचं औषध यांच्या नादात केमोची तारीख चुकवणं हे अध्यात्म नव्हे. बऱ्या होण्याजोग्या कॅन्सरमध्ये नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीचपट आढळला, असा अमेरिकेतला अभ्यास 2018 साली आलाय.

गाडगेबाबा जन्मभर कीर्तनातून नवस आणि बुवाबाजीला झोडपत राहिले. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला येणारे गावोगावचे पेशंट नातेवाइकांसकट उतरतात. परळच्या फुटपाथवर झोपलेली कुटुंबं ज्यांनी पाहिलीत, त्यांना त्या निवाऱ्याचं मोल सांगायला नको. मला विचाराल तर यापेक्षा मोठं देवाचं काम नाही.

तुमच्या घरी त्या दिवसांत कशाचा आधार झाला? नास्तिक मंडळींनीही जरूर लिहा. काढ्यांच्या रेसिपी मात्र नकोत, डिलीट करीन.